भाचा गुण्यात नाही

आर्किटेक्चरला गेलेला मुलगा ओळखायचा असेल तर त्याला प्रश्न विचारू नयेत, त्याच्याकडून किराण्याची यादी लिहून घ्यावी. आमच्या भाच्यानं दिवाळीच्या सुट्टीत आजीला यादी लिहून दिली. आधी पेन्सिलीनं फिकट जोडरेघा आखल्या. मग त्यांच्यात तूरडाळ, गूळ, शेंगदाणे, धुण्याची पावडर अशी मोजून बसवलेली अक्षरं आली. प्रत्येक शब्दाची शिरोरेघ दोन्ही बाजूंना थोडी पुढं काढलेली. मी विचारलं, ही शेपटं कशाला? म्हणाला, "मामा, रेघ कोपऱ्यावर थांबली की भित्री दिसते. दोन रेघा एकमेकींना ओलांडून गेल्या की कोपरा पक्का होतो." गुळाला कुठला कोपरा, ते काही त्यानं सांगितलं नाही. दुकानदारानं यादी जवळ धरून बघितली, लांब धरून बघितली आणि मला विचारलं, "लग्न कोणाचं आहे, गुरुजी?"

गुरुजी म्हणजे मी, आणि तेही चित्रकलेचा. शाळेत चित्रकलेच्या मास्तरला मान असतो तो तीन दिवस: गॅदरिंगचा पडदा रंगवायचा असतो तेव्हा, साहेब तपासणीला येतात तेव्हा आणि एलिमेंटरी-इंटरमीजिएटचा निकाल लागतो तेव्हा. बाकीचे दिवस गणिताच्या सरांना तास कमी पडला की आमचा जातो. अशा तुटपुंज्या तासांत मी जन्मभर शहादा तालुक्यातल्या पोरांना तांब्या, वांगी आणि घडी घातलेला टॉवेल काढायला शिकवलं. भाचाही सुट्टीत माझ्याकडेच शिकला. एलिमेंटरीला वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि कर्तव्य भूमिती-अक्षरलेखन असे पेपर असतात. स्मरणचित्राला मी सरावासाठी 'जत्रा' हा विषय दिला. बाकीच्या पोरांनी फुगेवाला, कुल्फीवाला आणि आईचा हात सोडलेलं मूल काढलं. या महाराजांनी एकही माणूस काढला नाही. नुसता पाळणा काढला, त्याच्या तिकाट्यांसकट, नटबोल्टांसकट. मी म्हटलं, "अरे, जत्रा कुठाय?" तर म्हणाला, "आधी पाळणा उभा राहिला पाहिजे ना." हा पोरगा चित्रकार व्हायचा नाही हे मला त्याच दिवशी कळलं. त्याला ग्रेड मात्र 'अ' मिळाली.

माझे मेहुणे, म्हणजे त्याचे वडील, नंदुरबारला मिरचीच्या धंद्यात. १ जुलै १९९८ला धुळ्यातून फुटून नंदुरबार जिल्हा झाला, पण मिरचीनं हे गाव त्याच्या कितीतरी आधी देशाच्या नकाशावर नेलं होतं. मेहुण्यांना मुलगा इंजिनियर व्हायला हवा होता. पोरानं नाटा नावाची परीक्षा दिली आणि मुंबईला आर्किटेक्चरला नंबर लागल्याचं सांगितलं, तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतलं. "भाऊसाहेब, खरं सांगा, हे इंजिनियरिंगच ना? जरा चित्रं काढून?" मी म्हटलं, हो, तसंच समजा. पाच वर्षं लागतात हे सांगायचं काम मी बहिणीवर सोपवलं.

पहिल्या वर्षी त्यांचे रोज रात्री फोन चालत.

"आज काय शिकवलं?"

"रेघ."

"आणि काल?"

"कालही रेघच, पण बारीक."

मेहुणे फोन ठेवून म्हणायचे, "एवढी फी भरून पहिल्या वर्षी रेघ. दुसऱ्या वर्षी काय, टिंब?"

पण गंमत बाजूला ठेवून सांगतो, त्या रेघेनं पोराला पार बदलून टाकलं. आमच्याकडे शाळेत रेघ म्हणजे चित्राची हद्द. ती काढायची आणि रंगात बुडवून टाकायची. त्यांच्याकडे रंग नाहीच, जे आहे ते रेघेतच. २एच पेन्सिलीनं आखायचं, एचबीनं पक्कं करायचं. ओढताना पेन्सिल बोटांत हळूहळू फिरवत न्यायची, म्हणजे टोक एका बाजूनं झिजत नाही आणि रेघ पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच जाडीची राहते. हे तो मला दाखवत होता तेव्हा त्याची जीभ दातांत होती. इंटरमीजिएटच्या पेपराला असायची तशीच, तेवढी एक बदललेली नाही. मग म्हणाला, "जिथं भिंत कापली जाते तिथली रेघ सगळ्यात जाड. कापलेल्याच्या मागं जे दिसतं ते बारीक. डोक्यावर आहे पण दिसत नाही, ते तुटक रेघेनं. मामा, नुसती जाडी बघून कळतं, काय जवळ आहे, काय लांब आहे आणि काय डोक्यावर पडणार आहे."

पुढं मग त्याला सगळीकडे कापायचा रोग लागला. शहाद्याची पपई प्रसिद्ध. घरात पपई आली की ती याच्या हातात द्यायची सोय राहिली नाही. एक उभी चिरायची, एक आडवी. दोन्ही अर्धुकं ताटात शेजारी मांडायची आणि घरच्यांना बोलवायचं. "बाहेरून बघितली तेव्हा पपई कळली का? आता उभ्या छेदात बघा, पोकळी लांबट आहे. आडव्या छेदात तीच चांदणीसारखी दिसते. एका छेदावर कधी विश्वास ठेवू नये." तोवर त्याच्या धाकट्या बहिणीनं उभा छेद खाऊन टाकलेला असायचा.

सुट्टीला येताना तो जी नळी घेऊन येतो, तिच्यावर स्वतंत्र लिहिता येईल. गुंडाळलेल्या शीट्स ठेवायची ती काळी प्लास्टिकची नळी. खान्देश एक्सप्रेसमध्ये तिच्याकडे बघून लोक सरकून बसतात, त्याचा तो फायदा घेतो. नंदुरबारहून एसटीत बसला की कंडक्टर विचारतो, "काय आहे यात?" हा सांगतो, "घर आहे." कंडक्टर म्हणतो, "मग लगेज लागेल." टी-स्क्वेअर बघून तर शेजारच्या बाबांनी कळवळून विचारलं होतं, "पायाला कधीपासून आहे रे भाऊ?"

या रेघांमागची विद्या जुनी आहे आणि ती त्याच्या डोक्यात नको तेवढी भरली आहे. फ्लॉरेन्सच्या ब्रुनेलेस्कीनं पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला यथार्थदर्शनाचा एक प्रयोग केला होता. देवळाचं चित्र फळीवर काढलं, फळीला भोक पाडलं, मागून भोकाला डोळा लावला आणि समोर आरसा धरून चित्र आरशात बघितलं. चित्रातली इमारत आणि खरी इमारत अशी जुळली की फरक कळेना, असं सांगतात. पुढं १४३५मध्ये अल्बर्टीनं ते सगळं शास्त्र पुस्तकात मांडलं. ठीक आहे. पण भाच्याला हा प्रयोग नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर करायचा होता.

पथारी म्हणजे ओली लाल मिरची वाळत घालायची मोकळी जागा. हंगामात नजर जाईल तिथवर लाल. एकाआड एक मिरचीच्या पट्ट्या आणि मध्ये चालायला वाट, त्यामुळे सगळ्या रेघा लांब क्षितिजावर एका टिंबाला जाऊन मिळतात. यथार्थदर्शन शिकवायला याहून चांगला फळा मी बघितलेला नाही, हे मान्य. पण हा एका हातात भोक पाडलेला पुठ्ठा आणि दुसऱ्या हातात आईचा आरसा घेऊन मधोमध उभा. मिरची निवडणाऱ्या बायांनी कामं थांबवली. एक म्हणाली, "भाऊ, भांग तर सरळ आहे, आता पावडर तेवढी लाव." त्यानं काही लक्ष दिलं नाही. एक डोळा मिटून तो व्हॅनिशिंग पॉइंट शोधत होता. तो सापडला तेव्हा तिथं एक हमाल बसून बिडी ओढत होता. त्याला उठवायला गेला, तेवढ्यात वारा फिरला. मग मिरचीची खाट उठली आणि शिंकांमध्ये आरसा गेला. बहिणीनं आरशाचं नाव आजवर सोडलेलं नाही.

एका बाबतीत आमचं जमत नाही ते म्हणजे छाया. मी शिकवलं ते असं की सावली जिथं दिसते तिथं काढायची. त्यांच्या नकाशात ऊन नेहमी डावीकडून वरून पंचेचाळीस अंशांतच येतं. मी म्हटलं, "कुठल्या गावात?" म्हणाला, "सगळ्याच. तसा संकेत आहे, म्हणजे सावलीवरून छज्जा किती पुढं आलाय ते मोजता येतं." विद्या म्हणून मला हे पटतं. पण आमचा जिल्हा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. मे संपता संपता आणि परत जुलैच्या मध्याला इथं भर दुपारी सूर्य थेट टाळूवर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशी गोळा होते. असल्या उन्हात पंचेचाळीस अंश सांभाळणारा छज्जा कोणाच्या कामाचा? यावर त्याचं उत्तर असं की त्यासाठी वेगळा विषय आहे, चौथ्या सहामाहीत.

त्याच्या खोलीत दोन फोटो आहेत. एक बाळकृष्ण दोशींचा. १९२७मध्ये पुण्यात जन्मलेले, जे. जे.त शिकलेले आणि २०१८मध्ये प्रिट्झकर मिळवणारे पहिले भारतीय. चेहरा प्रसन्न, म्हणून आजीनं त्यांना कुठले तरी महाराज समजून गुरुवारी फूल वाहायला सुरुवात केली. दुसरा फोटो दोशींच्या गुरूचा, ल कॉर्बुझिएचा. जाड काळ्या गोल चष्म्याचे गृहस्थ. त्यांना फूल मिळत नाही. ते चष्म्याच्या दुकानाच्या जाहिरातीतले आहेत, असं घरात ठरलेलं आहे.

या कॉर्बुझिएबाबांनी माणसाच्या मापावरून इमारतीची मापं ठरवायची एक पट्टी काढली, तिचं नाव मोड्युलॉर. आधी त्यांचा माणूस होता एक मीटर पंचाहत्तर सेंटिमीटरचा. मग तो वाढवून एक मीटर त्र्याऐंशीचा, म्हणजे सहा फुटांचा केला. कारण काय, तर इंग्रजी रहस्यकथांमधले देखणे पोलीस नेहमी सहा फुटी असतात! मला वाटलं भाचा थापा मारतोय, पण हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे म्हणे. तर त्या सहा फुटी पोलिसाच्या मापानं भाच्यानं आजीसाठी स्वयंपाकघर आखलं. ओटा, फळ्या, वर भांड्यांचं कपाट, सगळं मिलिमीटरमध्ये. आमची आई पाच फुटांना चांगलीच कमी भरते. तिनं नकाशा नीट बघितला, भिंतीजवळ गेली, हात वर केला आणि म्हणाली, "भाऊ, तठलोंग मन्हा हात पुरस नई." भाच्यानं समजूत काढली की हे एक स्टँडर्ड असतं. आई म्हणाली, मग भाकरी त्या स्टँडर्डलाच थापू दे.

नातेवाइकांत मात्र त्याला भलताच भाव आहे, फक्त तो ज्याची वाट बघतोय तो नाही. आपण पुढं काय होणार हे लोकांना कळलंय असं त्याला वाटतं आणि लोकांना एवढंच कळलंय की हा चित्रं काढतो. म्हणून पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायला त्याला बोलावतात. गणपतीत मखर त्याच्याकडे. लग्नात नवरा-नवरीची नावं थर्माकोलवर कापून द्यायची ती त्यानंच. चुलत काका तर जेवता जेवता सांगतात, "दोन खोल्या काढायच्या आहेत, जरा नकाशा टाकून दे. जिना ईशान्येला नको, देवघर तिकडेच पाहिजे, संडास कुठंही चालेल पण दिसायला नको." हा विचारतो, "काका, प्लॉट केवढा आहे?" काका हात पसरून दाखवतात. १९७२च्या कायद्यानं कौन्सिलकडे नोंदणी असल्याशिवाय कोणाला स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही, हे तो मोठ्या अभिमानानं ऐकवतो. काका म्हणतात, "मग तसं म्हणू नकोस, नुसता काढून दे."

सारंगखेड्याच्या जत्रेला तो स्केचबुक घेऊन गेला होता. दत्तजयंतीला तिथं एकमुखी दत्ताची यात्रा आणि घोड्यांचा बाजार भरतो, लांबलांबून जातिवंत जनावर येतं. कॉलेजनं रोज हातानं स्केच काढायला सांगितलं होतं, टेबलावर बसून नाही, जागेवर जाऊन. तंबू, दोर, खुंटे छान काढले. घोडा काही स्थिर उभा राहीना. शेवटी पाय राहून गेले ते त्यानं अंदाजानं काढले. घोड्याचा मालक मागून बराच वेळ बघत होता. म्हणाला, "भाऊ, फार चांगलं आलंय. पण हे चित्र इथं कोणाला दाखवू नको. असे पाय बघितले तर माझं गिऱ्हाईक जाईल." आमच्या घराण्यात याहून चोख कलासमीक्षा कोणाच्या वाट्याला आलेली नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो. या सगळ्या रेघांची खरी परीक्षा झाली ती माझ्या घरात.

कॉलेजनं 'मेझर्ड ड्रॉइंग' सांगितलं. म्हणजे जुनं घर घ्यायचं, टेप लावून इंचन् इंच मोजायचं आणि ते कागदावर जसंच्या तसं उतरवायचं. मुंबईत ही परंपरा जुनी आहे. जे. जे.त क्लॉड बॅटली नावाचे साहेब प्राचार्य होते, त्यांच्या वेळी मुलांना जुनी देवळं आणि वाडे मोजायला पाठवत. साहेबांचं १९३४चं भारतीय वास्तुकलेवरचं पुस्तक अशा नकाशांवरच उभं आहे. भाच्यानं घर निवडलं ते आमचं. प्रकाशा गावाजवळ, तापीकाठी, धाब्याचं. बरोबर वर्गातले दोन मित्र आणले. नंदुरबार गुजरातमध्ये आहे अशी त्यांची समजूत होती आणि गाडी सुरतवरून आल्यामुळे ती पक्की झाली होती.

आमचं घर म्हणजे पांढऱ्या मातीच्या दोन फुटांहून जाड भिंती, सागाचे खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या आणि वर मातीचं सपाट धाबं. पावसाळ्याआधी त्यावर खारी माती टाकायची, की गळत नाही. मधल्या खोलीवर धाब्यात एक साणं आहे, धूर जायला आणि उजेड यायला. दुपारी त्यातून उन्हाचा एक गोल खाली पडतो आणि सरकत सरकत कणगीवर चढतो. तिघं त्या गोलाभोवती बसून राहिले. एकजण 'लाइट क्वालिटी' म्हणाला, दुसरा 'स्पेस' म्हणाला. भाच्यानं सांगितलं, रोमच्या पँथिऑनच्या घुमटाला असंच भोक आहे आणि पाऊस सरळ आत पडतो. आईला त्या रोमवाल्यांची दया आली. तिनं विचारलं, त्यांच्याकडे वर पालथं घालायला घमेलं नाही का?

मोजणी सुरू झाली. एकजण टेपचं टोक धरायचा, एक वाचायचा, एक लिहायचा. ओसरी 'सेमी-ओपन' झाली, गोठा 'ट्रान्झिशनल' झाला. म्हशीनं एकदा टेप चावला, तेव्हा त्या खोलीचं माप दोनदा घ्यावं लागलं. कणगी हलवता येईना. तिच्या मागं काय आहे, असं विचारलं तर आई म्हणाली, उंदीर. तिथली भिंत धरून चालावी असं ठरलं. जिन्याच्या पायऱ्या पाठ्यपुस्तकात दीडशे मिलिमीटर उंच असतात, आमच्या त्याच्या जवळजवळ दुप्पट निघाल्या आणि एकीसारखी दुसरी नाही. भाचा म्हणाला, "अंधारात इथून माणूस पडेल." आई म्हणाली, "चोर पडस."

रात्री ओसरीवर बोर्ड मांडून जुळवाजुळव सुरू झाली आणि नकाशा मिटेना. आतल्या खोल्यांची बेरीज एक, बाहेरून घेतलेलं माप दुसरं. भिंतींची जाडी धरली तरी फरक राहतोच. पुढची भिंत अठरा फुटांची, मागची वीस फूट आठ इंच. एक म्हणाला, टेप ढिला धरला होता. दुसरा म्हणाला, वाचताना चुकलं. तिसरा म्हणाला, जुन्या लोकांना कुठं नेमकेपणा होता! हे शेवटचं वाक्य तिघांनाही पटलं. मग त्यांनी पुढच्या-मागच्या मापांची सरासरी काढली आणि नकाशा झकास चौकोनात बसवला. पहाटेपर्यंत जागून शाई चढवली. काय देखणं काम! कापलेल्या भिंती ठळक, कौलांच्या पडवीच्या रेघा केसासारख्या, अंगणातला निंब म्हणजे एक वर्तुळ आणि आत नाजूक काड्या. दारात अंदाज यावा म्हणून एक माणूस काढलेला, तोही कोटातला. त्याच्या हातात साखळीचा कुत्रा. आमच्या गावात कुत्र्याला साखळी घालून फिरवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

सकाळी आईला दाखवलं. तिनं कागदावरून बोट फिरवलं. चूल बरोबर, देव बरोबर, म्हैस बांधायची जागा बरोबर. मग म्हणाली, "हाई कोनं घर शे?"

"आपलंच, आजी."

"आपलं असं नई. आपलं पुढे साकडं, मांगे रुंद शे. गायना तोंडमायक."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. शेजाऱ्यांकडे स्लॅबचं काम चालू होतं, तिथले मिस्तरी चहाला आले होते. त्यांनी नकाशा वरून-खालून बघितला आणि एवढंच विचारलं, "कोनाकोनी टेप धरला का?"

नव्हता धरला. चारही बाजू घेतल्या होत्या, कर्ण एकही नाही. मिस्तरींनी चहाची बशी खाली ठेवली, ओसरीवरच्या बाजेला कोपऱ्यात पाय लावला आणि दाबलं. बाज तिरकी झाली. "चारही बाजू त्याच आहेत ना? लांबी कमी झाली का? नाही. पण बाज बदलली. नुसत्या चार बाजूंनी खोली ठरत नाही, पोरांनो. एक तिरका धरला की मग ती हलत नाही." सातवीच्या भूमितीतला त्रिकोण हाच, पण आमच्या गणिताच्या सरांनी तो बाजेवर पाय देऊन कधी शिकवला नाही. मी काही बोललो नाही, तास त्यांनीच नेले होते.

मग मिस्तरींनी खिशातली सुतळी काढली. तीन हात, चार हात, पाच हात अशा गाठी मारून तिचा त्रिकोण जमिनीवर ताणला की काटकोन मिळतो, म्हणजेच गुण्या. शेजारच्या स्लॅबघराची आखणी त्यांनी फक्की टाकून अशीच केली होती, खऱ्या मापात, जमिनीवर. सुतळी आमच्या घराच्या कोपऱ्यात धरली तर भिंत लांब निसटली. "बघा, गुण्यात नाही. आणि चुकून नाही हे, मुद्दाम केलेलं आहे. घर गोमुखी पाहिजे, तोंडाशी अरुंद, मागं रुंद. दुकान असतं तर उलटं केलं असतं, वाघमुखी. तुमच्या पणजोबांच्या वेळच्या मिस्तरीला सरळ भिंत येत नव्हती असं वाटलं का?"

गोमुखीनं घरात बरकत येते की नाही यावर मी बोलणार नाही. आमच्या घरात ती कधी आली असेल तर उंदरांनाच भेटून गेली. पण भाचा दिवसभर गप्प होता. दुपारी त्यानं पुन्हा टेप घेतला, प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण घेतले, आईला मनवून कणगीही हलवली. संध्याकाळी नकाशा मिटला. आतलं माप आणि बाहेरचं माप, जिथल्या तिथं. घर कागदावर तिरकं उभं राहिलं आणि कालच्यापेक्षा कमी देखणं दिसलं. मला म्हणाला, "मामा, काल मी घर काढलंच नव्हतं. मला जे काढता येतं ते काढलं होतं." इतर वेळी त्याची असली वाक्यं त्याच्या सरांची असतात, हे मी ओळखतो. हे त्याचं स्वतःचं होतं, कारण म्हणताना त्यानं 'स्पेस' हा शब्द वापरला नाही.

कोटवाला माणूस खोडला. शाई असल्यामुळे ब्लेडनं खरवडावा लागला. त्या जागी आता सुपात दाणे पाखडणारी बाई आहे, पाच फुटांना चांगलीच कमी. कुत्रा राहिला, पण साखळी काढली. आदली चौकोनी शीट बहिणीनं भांड्यांच्या फळीवर अंथरायला नेली. तिचं म्हणणं, एवढा जाड कागद आणि एवढं सुबक काम वाया का घालवायचं?

मिस्तरींना मी जाता जाता विचारलं, पोरगं कसं वाटतं? त्यांनी भाच्याकडे बघितलं. तो तेव्हा आमच्या कॅरमबोर्डचे कर्ण मोजत होता. म्हणाले, "हात चांगला आहे. अजून गुण्यात नाही, पण गुण्यात नाही हे त्याला कळतंय."

आता तर तो कुठंही कर्ण मोजतो. मेहुण्यांच्या गाळ्यात गेला आणि गाळा चार इंचांनी तिरका निघाल्याचं सांगून आला. भाडं चौकोनाचं घेतात, यावर मेहुण्यांची मालकाशी वादावादी चालू आहे. इंजिनियर झाला असता तर हा फायदा झाला नसता, असं ते परवा पहिल्यांदा म्हणाले.

आपल्याकडे धाब्याची घरं दर वर्षी पडताहेत. काही पावसानं, बरीचशी स्लॅबसाठी. तुमचं अजून उभं असेल आणि ओळखीत असा एखादा नळीवाला मुलगा असेल, तर उन्हाळ्याआधी त्याला बोलावून घर मोजून घ्या. टेपचं दुसरं टोक धरायला माणूस द्या, म्हैस लांब बांधा, कणगी हलवून ठेवा. आणि त्याला आठवण करून द्या, प्रत्येक खोलीचं कोनाकोनी माप घ्यायचं, दोन्ही बाजूंनी.